अर्धी गोळी

वेंगुर्ल्याच्या बंदर रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्यासमोर
माझा दवाखाना. बुधवारी सगळेच उशिरा येतात,
पण शेवंती मेतर साडेनवालाच बाकावर,
टोपली बाहेर, पायरीखाली, झाकून.

पहिल्यांदा आली तेव्हा डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी,
आणि माझ्या आधी तिघांनी विचारलेला प्रश्न
मीही विचारला. कबूल करतो.
"दारू?"
ती हसली नाही.
"पियालो तो, चवदा वर्सां. आनि लिवर माझा?"

रक्ताच्या नळ्या थर्मासात, भोवती समोरच्या कारखान्यातला बर्फ,
दुपारच्या एसटीने कोल्हापूरला.
कंडक्टर आता न विचारता सीटखाली जागा करतो.
अकराव्या दिवशी कागद आला.
त्यातले शब्द मला कळले, तिला कसे सांगायचे ते कळेना.
यकृत म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघते,
काळीज म्हटलं की
छातीवर हात ठेवते.

मग म्हटलं, गावाच्या वेशीवर राखणदार असतो ना,
रात्रीचा फिरतो, आपण त्याला चामड्याच्या वहाणा ठेवतो,
वर्षाने त्या झिजलेल्या मिळतात.
तुमच्या रक्तातही एक आहे.
काळोखात त्याला ओळख पटली नाही.
घरच्याच माणसाला चोर समजून मारतोय,
रोज थोडं थोडं.

बराच वेळ गप्प.
"आमच्याकडसून काय चुकला त्येचा?"
काही नाही, म्हटलं. हे तीनदा सांगावं लागलं.
"मगे निजवा त्येका."
त्याच गोळ्या देतोय.
"पुरतो निजवू नकात हां. चोर शिरतले."

एमडीच्या तीन वर्षांत
इतकं सरळ कुणी शिकवलं नव्हतं.

प्रेडनिसोलोनने गाल वर आले, मान भरली.
बाजारात बायका म्हणू लागल्या, शेवंती सुधारली.
ती रात्री दोनला उठून घासलेली भांडी पुन्हा घासायची.
मुलीच्या लग्नाच्या फोटोत
तिला स्वतःची ओळख पटली नाही.
गोळ्या बंद. मला न सांगता.

आषाढात, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या,
ती परत आली. पिवळी. डोक्यावर काविळीची माळ,
ती वाढत वाढत गळ्यात उतरली की बरं वाटतं म्हणे.
एसजीपीटी अकराशे चाळीस.
मी ओरडलो. बाहेर बाकावरचे खोकायचे थांबले.
मग माळ तशीच राहू देऊन
नस शोधली.

असे पाच जण माझ्याकडे.
नियती परब बालवाडीत शिकवते, निघताना
दार अर्धं उघडून विचारते, मूल होईल ना.
होय, पण,
आणि "पण"नंतरचं ऐकायला ती थांबत नाही.
नजीर होडेकरचा आवाजी निरोप, मागे बोटीचं इंजिन:
गोळ्या सहा उरल्यात डॉक्टर, किनारा नऊ दिवसांवर.
एक कार्ड दत्ताराम आरावंदेकरांचं,
चार जूननंतर कोरं.
ते मी कपाटातून काढलेलं नाही.

बरं होतं का हे, सगळेच विचारतात.
शांत होतं, मी म्हणतो. समुद्राच्या काठी
या उत्तराला कुणी फसत नाही.

आज शेवंतीचा आकडा एकतीस.
आता रोज अर्धीच, म्हटलं.
माझं गोळी कापायचं यंत्र मे महिन्यापासून गंजलेलं.
ती पिशवीतून सुरी काढते, सुरमईची, पदराला पुसते.
थांबा, म्हणत मी स्पिरिटचा बोळा पुढे करतो.
औषध कंपनीच्या पॅडवर ती पांढरी गोळी,
एकच दाब. भुगासुद्धा नाही.
दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात धरून बघते
कुठला मोठा.
"ही आज. ही फाल्यां."

पुढचं रक्त महिन्याने, मी लिहितो.
"महिन्यान नारळी पुनव," ती म्हणते, "त्येच्या दुसऱ्या दिसा येतय."
बाहेर टोपलीखालून पाणी
पायरीवर उतरू लागलंय.